मावशीच्या पोटातली वाळू

मावशी एकदा बसली की उठत नाही, म्हणून तिचं नाव मावशी.

खरं तर ती वाळू होती. जुन्या निळ्या डांगरीचे पाय आणि बाह्या शिवून बंद केलेल्या, गळ्यापर्यंत वाळू ठासलेली आणि वर डोकं म्हणून एक गोल उशी. त्या उशीवर भिंगरीने एके दिवशी लिपस्टिकने ओठ काढले होते, तेही वाकडे. त्यामुळे मावशी कायम कुणाच्या तरी लग्नात मानपान चुकल्यासारखी बसलेली असायची. शिवणकाम आईचं. आई पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देते, आणि तिने घातलेली शिवण उसवायची तर तिलाच बोलवावं लागतं. वजन मात्र भिंगरीचं, किलोला किलो. ते ताईने स्वतः तोलून भरलं होतं.

भिंगरी गाडी चालवायची आणि ताई ती गाडी घडवायची. दोघी सख्ख्या बहिणी. भिंगरीचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डापुरतं उरलं होतं. पहिल्याच शर्यतीत ती एका वळणावर गोल गोल फिरली, धुरळ्यात थांबली, आणि उतरून तिने लोकांकडे बघून असा हात हलवला की जणू हे ठरवूनच केलं होतं. तेव्हापासून भिंगरी. ताईला मात्र सगळेच ताई म्हणायचे, तिच्या बापाच्या वयाचे ट्रकवालेसुद्धा. ताईचा धंदा ब्रेकचा. मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत बसचे ड्रम, लायनर, रिव्हिटांचे डबे आणि अंगाला न सुटणारा जळक्या लायनरचा वास. "पळवायला काय, कुणीही पळवेल," ती म्हणायची. "थांबायचं असेल तर माझ्याकडे यावं लागतं."

शेडच्या मागच्या अंगाला उभी असायची ती टोपली. टोपली म्हणजे गाडी, पण तिला गाडी म्हणणं म्हणजे चिमणीला पक्षिराज म्हणणं. दारं नाहीत, छप्पर नाही, काच नावापुरती. नळ्यांचा सांगाडा, त्यावर वर्खासारखा पत्रा. जिथे जिथे धातू नुसताच बसून होता तिथे तिथे ताईने भोकं पाडली होती. "फुकट खाणारं कुणी नको या घरात," म्हणत. शर्यतीच्या ट्रॅकवर हलक्या गाड्यांचा वेगळा गट असतो, तिथे माणसं नट-बोल्टसुद्धा तोलून लावतात.

आता इतक्या हलक्या गाडीत ब्रेकचं प्रकरण फार नाजूक. पेडल एकच, पण त्याच्या मागे दोन सिलेंडर असतात, एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. दोघांच्या मधे एक दांडी. पाय दाबला की ती दांडी जोर दोघांना वाटून देते, आई दोन पोरींना खाऊ वाटून देते तसा. दांडी स्क्रूने जरा इकडे फिरवली की पुढच्यांचा वाटा मोठा, तिकडे फिरवली की मागच्यांचा. पुढच्यांना फार दिलं तर पुढची चाकं जाम होतात आणि गाडी नाकासमोर चालणाऱ्या सालस मुलीसारखी सरळ निघून जाते, वळण राहतं बाजूला. मागच्यांना फार दिलं तर मागची आधी जाम होतात, आणि गाडी शेपूट पुढे करून फिरते. पहिल्यात अब्रू जाते, दुसऱ्यात काय जाईल सांगता येत नाही. दोन्हींच्या मधे केसाएवढी जागा असते, आणि सगळी शर्यत त्या जागेत जिंकायची असते.

टोपलीत चालकाची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच. म्हणजे चालक बसला की त्याचं वजन बहुतेक मागच्या चाकांवर येतं. चाकावर वजन कमी असलं की ते लवकर जाम होतं, रिकाम्या गाडीवर जुळवलेले ब्रेक म्हणूनच कुचकामी. आणि भिंगरी तर चष्म्याच्या दुकानात काचा घासायला बसलेली, संध्याकाळपर्यंत सुटका नाही. तेव्हा मावशी. ताई तिला दोन्ही काखांत हात घालून उचलायची, सीटवर आदळायची, पट्टा बांधायची आणि म्हणायची, "बसा. तोंड वाकडं करू नका."

त्या वर्षीचा हंगाम बरा सुरू झाला. ताईने दांडी लावली, स्क्रूवर पांढऱ्या रंगाची खूण केली, भिंगरी पळवून आली आणि हेल्मेट काढत म्हणाली, "लोणी!" लोणी म्हणजे बरोबर. त्यापुढचं कौतुक तिला येत नव्हतं.

मग एकदा ती आली आणि लोणी म्हणाली नाही.

"मागचं सुटतंय गं, ताई."

"किती?"

"थोडंसंच. चहात साखर कमी असल्यासारखं."

"अगं बये, चहाचं नको सांगूस, ब्रेकचं सांग. सरळ असताना सुटतंय की वळताना?"

"सरळ असताना. पाय दाबला की मागून कुणीतरी फ्रॉक ओढल्यासारखं होतं."

ताईने दांडी अर्धा फेरा पुढच्यांकडे दिली. जमलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, मागचं सुटतंय. आणखी अर्धा फेरा. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. आता ताई चिडली. ब्रेक हे तिचं माहेर होतं, आणि माहेरी कुणी परक्यासारखं वागवलं की राग येतोच. तिने मागचे पॅड बदलले. सिलेंडर उघडले, रबरं बदलली. नळीत हवा राहिली असेल म्हणून सगळं तेल काढून नवं भरलं. मागच्या स्प्रिंगा काढून एकमेकींशी ताडून पाहिल्या. दर वेळी मावशीला सीटवर बसवून वजनाचे चार चपटे काटे चार चाकांखाली सरकवायची, आणि काटे सांगायचे, सगळं ठीक आहे. मावशी बसली की गाडी अगदी बरोबर भरायची. ट्रॅकवर गेली की शेपूट हलवायची.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललं होतं. पण पखालीवर उपचार करणाऱ्याला ते कळत नसतं. तो मन लावून करत असतो.

भिंगरी बारीक झाली होती हे ताईला दिसत नव्हतं असं नाही. उलट दिसलं आणि आवडलं. आदल्या वर्षी तीच टोमणे मारायची, "टोपलीला भोकं पाडून माझे हात दुखले, आता तुला कुठे पाडू सांग." त्यामुळे भिंगरीचे गाल जरा बसले तेव्हा ताईने तिच्या पाठीत थाप मारली होती. "शाब्बास! नवी चाकं घेऊनसुद्धा एवढं वजन वाचलं नसतं."

"बघ," भिंगरी म्हणाली होती, "आणि फुकटात."

"मावशीतून डबाभर वाळू काढू का मग?"

"राहू दे गं. थंडी पडली की भूक लागते, येईल परत."

ताईने राहू दिलं. डबाभर वाळूने काय होतंय! शर्यतीचा सूट तर भिंगरीच्या अंगावर पूर्वीसारखाच भरलेला दिसत होता.

ज्या दिवशी हे सगळं उघडं पडलं, तो खरं म्हणजे आनंदाचा दिवस होता. भिंगरी तिसरी आली. गाडीचं शेपूट हलत होतं, पण ती मागून फ्रॉक ओढणाऱ्याला न जुमानता तिसरी आली. पहिल्या तीन गाड्या ट्रॅकवरून थेट वजनाच्या शेडमध्ये न्यायच्या, चालकासकट तोलायच्या, असा नियम. ठरलेल्या वजनापेक्षा गाडी हलकी भरली तर नंबर गेला. तिथे काटेवाले काका बसायचे. शांत माणूस, कानावर पेन, आणि कुणी ओरडलं की आवाज आणखी खाली नेणारा.

"कमी भरतंय, ताई," ते म्हणाले.

"काय कमी भरतंय?"

"गाडी. चालकासकट. थोडंथोडकं नाही, बरंच कमी आहे."

"काका, तुमचा काटा सकाळपासून उन्हात आहे, घेरी आली असेल त्याला."

"मघाशी दोन गाड्या बरोबर भरल्या यावर."

"मग त्यांच्यात दगड असतील, बघा उघडून."

भोवती दोनचार जण जमले होते ते हसले. ताईला जोर चढला. तिने कमरेवर हात ठेवले. "मी काल स्वतः तोललीय. मावशीला बसवून. वर दोन किलो जास्तच भरत होती."

"कोण मावशी?"

"आहे आमची एक. तुमच्यापेक्षा कमी बोलते. भिंगरे, उतर खाली! काका, नुसती गाडी तोला. होऊन जाऊ दे दूध का दूध."

भिंगरी उतरली. जरा सावकाश उतरली, एक हात नळीवर ठेवून. काकांनी काटे शून्यावर आणले, गाडी पुन्हा चढवली. आकडे दिव्यांत उमटले, पुढचे दोन, मागचे दोन. ताईने वाकून पाहिले. आपल्या शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेले रिकाम्या गाडीचे आकडे तिला पाठ होते. हे तेच होते. काट्याला घेरी आलेली नव्हती. गाडी एका चमच्यानेही हलकी नव्हती.

ताईने कमरेवरचे हात काढले.

वजाबाकी तर दुसरीतलं पोरही करेल. गाडी पूर्ण आहे आणि चालकासकट कमी आहे. कमी आहे तेही जास्त करून मागच्या चाकांवर, सीट आहे तिथे. ताईने वजाबाकी केली. मग उलटीकडून केली. मग मान वळवून पाहिलं. भिंगरी जुन्या टायरच्या ढिगावर बसली होती. एवढ्या उन्हात हेल्मेट घालून, काच खाली ओढून.

"ताई," काका म्हणाले, आवाज अगदीच खाली, "लिहू का?"

"लिहा," ताई म्हणाली.

टोपली व्हॅनमागच्या ट्रेलरवर बांधली. गाव मागे पडलं, दोन्हीकडे गोदामांच्या भिंती लागल्या, तरी हेल्मेट उतरलं नव्हतं.

"काढ ते."

भिंगरीने काढलं. केस घामाने चिकटलेले, आणि त्या केसांखाली एक चेहरा. ताईने इतके महिने तो चेहरा पाहिलाच होता. पण वजन लिहून हातात दिल्यावर आता तो वाचता येत होता.

"कधीपासून?"

"तू दांडी पहिल्यांदा फिरवलीस ना, त्याच्या आधीपासून."

"कुठे आहे?"

"पोटात. आता पोटातच आहे असंही नाही."

"आणि मला सांगावंसं..."

"तुला सांगितलं असतं तर टोपलीची चाकं काढून माळ्यावर टाकली असतीस."

"टाकलीच असती!"

"मग? बरोबर केलं की मी."

ताईने गिअर बदलला, गरज नसताना. "सूट तर तसाच दिसतो तुझ्या अंगावर."

भिंगरीने चेन खाली ओढली. सुटाच्या आत एक बंडी होती, कापूस भरलेली, खांद्याला जाड, छातीला जाड, कमरेपाशी पुन्हा जाड. बारीक, सरळ, एकसारखे टाके. ते टाके ताईने ओळखले. मावशीच्या काखेत तेच होते.

"आईला माहीत आहे?"

"तू असतेस रात्रंदिवस शेडमध्ये. दोन खोल्यांच्या घरात आईला माहीत नसेल असं काय राहतं? मीच म्हटलं, ताईला हंगाम संपल्यावर सांगू. ती रडत रडत शिवत होती आणि वर मला विचारत होती, पॉकेट ठेवू का."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"औषध बदलून आता उपयोग नाही म्हणाला. बोलायला गोड आहे हां माणूस. म्हणाला, तुम्हाला जे आवडतं ते करा. काय आवडतं ते मी सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, झाडांना पाणी घालत असेल बिचारी." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "एकच राहिलीय, ताई. या हंगामातली शेवटची."

"नाही."

"ताई."

"नाही म्हणजे नाही. जीभ झिजवू नकोस."

"मग पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याकडून ब्रेक लावून घेईन."

"तो? त्याला हातगाडीचे ब्रेक लावता येत नाहीत."

"हातगाडीला ब्रेक नसतात."

"म्हणून तर धंदा टिकलाय त्याचा."

दोघी हसल्या. अगदी लहानपणी एका पांघरुणात हसायच्या तशा, आवाज दाबून. आणि त्या हसण्याच्या मधेच ताईला व्हॅन रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली, कारण समोरचा रस्ता दिसेनासा झाला होता.

कुणी हो म्हटलं नाही. पण ताईच्या मनात पुलापलीकडचा गॅरेजवाला येऊन बसला. तो दांडी मावशीवर लावणार, जुन्या मावशीवर. भिंगरी पाय दाबणार, आणि मागची चाकं आधी जाम होणार. ताईने स्वतःला पुष्कळ समजावलं की हे काही तिला न अडवण्याचं कारण नव्हे. पण मरणाला थांबवणं तिच्या हातात नव्हतं, आणि शेपूट थांबवणं होतं. माणूस हातात असतं तेच धरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भिंगरीला शेडमध्ये बोलावलं, चष्म्याच्या दुकानातून तासाभराची सुट्टी काढायला लावून.

"बूट काढू का?" सीटवर बसत भिंगरीने विचारलं.

"बुटासकट. अनवाणी चालवणार आहेस का?"

"आणि ही बंडी?"

"तीसुद्धा." ताईने काट्यांकडे पाहिलं. आकडे खडूने भिंतीवर लिहिले, आधीच्या आकड्यांपासून लांब, कोपऱ्यात. भिंगरीने मान लांब करून पाहायचा प्रयत्न केला तर ताई मधे उभी राहिली. "जा तू. काचा तुंबल्या असतील तुझ्या. आईला पाठव."

आई कात्री घेऊन आली. बाकावर मावशीला आडवं घातलं होतं, वाकडे ओठ वर करून. आईने काखेतली शिवण शोधली आणि एकेक टाका कापायला लागली. दुसऱ्या कुणाची शिवण असती तर फाडली असती. स्वतःची होती, जपून उसवली.

"तू तिला भरत होतीस," ताई म्हणाली. "बंडीत कापूस भरून माझ्यासमोर उभी करत होतीस."

"हो."

"मी तिला शाबासकी दिली, आई. पाठीत थाप मारली मी."

"मला सांगितलं तिने. हसत होती सांगताना."

"तू तरी बोलायचंस ना गं!"

आईने कात्री खाली ठेवली. "मला शिवण येते, मी शिवत बसले. तुला ब्रेक येतात, तू दांडी फिरवत बसलीस. तिला जे झालंय ते आपल्या दोघींच्या हाताला येत नाही. काय करायचं मग? रिकामं बसायचं?"

ताईने मावशीखाली बादली धरली. वाळू आली, आधी भसकन, मग धार. तिने मावशीला उचलून सीटवर बसवलं, काटे पाहिले, पुन्हा बाकावर आणलं.

"बास ना?" आई म्हणाली.

"अजून."

खांदे बसले. उशीचं डोकं एका बाजूला कलंडलं.

"बास की गं आता."

"अजून, आई."

पोट खपाटीला गेलं. डांगरीच्या कापडाला सुरकुत्या पडल्या, जिथे पूर्वी बोट रुतत नव्हतं तिथे मूठ जाईल एवढी ढिली जागा झाली. बादली काठाला लागली तेव्हा काट्याचा आकडा कोपऱ्यातल्या खडूशी जुळला. आईने मावशीच्या कलंडलेल्या डोक्याला मागून एक टाका घालून ते सरळ केलं. ब्रेकसाठी त्याची काही गरज नव्हती. आईला ते तसं बघवत नव्हतं एवढंच.

नियमाचं वजन तर भरायलाच हवं होतं. ताईकडे चाकांच्या बॅलन्सिंगमधून निघालेल्या शिशाच्या तुकड्यांचा डबा साठलेला होता. तिने ते शेगडीवर वितळवलं, पत्र्याच्या चौकटीत ओतलं, थंड झाल्यावर बादलीतल्या वाळूच्या वजनाइतकं तोलून घेतलं. बादलीभर वाळू, आणि तेवढ्याच वजनाचं शिसं दोन जाड पुस्तकांएवढ्या जागेत मावलं. हंगामभर भिंगरीच्या अंगावरून जे झडत होतं ते एवढंसं. ज्या हातांनी टोपलीत भोकं पाडली त्याच हातांनी ताईने त्या पट्ट्या सीटखाली बोल्टने आवळल्या. आवळताना पाना दोनदा घसरला.

मग बारीक झालेली मावशी सीटवर, शिसं सीटखाली, आणि ताई दांडीपाशी. पुढच्यांना दिलेले अर्धे फेरे तिने एकेक करून परत घेतले. स्क्रू बरोबर पांढऱ्या खुणेवर येऊन थांबला, हंगामाच्या सुरुवातीला केलेल्या. काटे म्हणाले, बरोबर आहे. टोपलीत कधी काही बिघडलंच नव्हतं. तिने उगाच तिचे पॅड, तिची रबरं, तिचं तेल काढलं होतं. निर्दोष गाडीची माफी मागावी असं ताईला क्षणभर वाटलं. दुसऱ्या कुणाची मागायची तिला सुचत नव्हतं.

शेवटच्या शर्यतीला आभाळ भरलेलं होतं, पण ट्रॅक कोरडा होता. काटेवाल्या काकांनी निघण्याआधीच गाडी तोलली. वजन भरलं. ते गुडघ्यावर बसले, सीटखाली वाकून शिशाच्या पट्ट्या पाहिल्या, मग हात घालून एकेक बोल्ट हलवून पाहिला. बराच वेळ पाहत होते.

"घट्ट आहेत," उठताना ते एवढंच म्हणाले. आणि भिंगरीकडे बघून म्हणाले, "जपून जा, बाळ." तिला आजवर त्यांनी कधी बाळ म्हटलं नव्हतं.

आई घरीच राहिली होती. ताई ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्याच्या टोकाशी, वळणाच्या कुंपणापाशी उभी राहिली. वळणाच्या आधी एकामागे एक तीन पाट्या असतात, ब्रेक कुठे दाबायचा याच्या खुणेच्या. भिंगरी नेहमी शेवटच्या पाटीपाशी दाबायची, बाकीचे दाबून झाल्यावर, आणि दर वेळी ताईचा जीव टांगणीला लागायचा.

टोपली आली. शेवटच्या पाटीपाशी मागचा लाल दिवा लागला, चारही चाकं जमिनीला धरून, शेपूट जराही न हलता गाडी वळणात शिरली. लोणी. ताईच्या तोंडून शब्दसुद्धा निघाला. शेजारचा माणूस बघायला लागला.

पुढच्या फेरीत दिवा मधल्या पाटीपाशी लागला.

समोर दुसरी गाडी असेल, ताईने मनाशी म्हटलं. नव्हती.

मग पहिल्या पाटीच्याही आधी इंजिनाचा आवाज उतरायला लागला. भिंगरी लांबूनच पाय उचलत होती, गाडी आपली आपण हळू होऊ देत होती, आणि वळण आलं की लाल दिवा नुसता लुकलुकून विझत होता. कुणी दारावर हळूच टकटक करून आत न येता परत जावं तसा. बाकीच्या गाड्या डावीकडून गेल्या, उजवीकडून गेल्या. टोपली मात्र आखलेल्या रेषेवरून, इतकी सरळ, इतकी शहाण्यासारखी जात राहिली की ताईने कुंपणाची तार घट्ट धरली. ब्रेक लावणाऱ्या बाईला पायाचा जोर लांबूनही कळतो. शिसं सीटखाली आवळता येतं, पायात कुठे आवळायचं?

शर्यत संपली. भिंगरी शेवटून पहिली आली. गाडी आपल्या जागेवर लागली तेव्हा ताई धावत पोचली होती. भिंगरीने स्वतःच हेल्मेट काढलं, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की ताईला तिच्याकडे बघवेना.

"ताई! एकदाही सुटलं नाही! पूर्ण शर्यतीत एकदाही नाही. केलंस काय तू?"

"काही नाही. दांडी होती तिथे नेली."

"लोणी गं, लोणी!" तिने डोकं मागे टेकलं. पट्टा सोडायला हात वर आला आणि अर्ध्यावर मांडीवर पडला. "जरा बसू दे हं. लगेच नको उठवूस. मावशी झाली बघ माझी."

"बस. तोंड वाकडं करू नकोस."

ताई मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. करण्यासारखं काही नव्हतं, पण हाताला सवय असते. शर्यतीहून आलेल्या गाडीच्या ब्रेकची डिस्क तव्यासारखी तापलेली असते, पाण्याचा थेंब टेकवला तर चर्र होऊन उडून जातो. चाकाच्या फटीतून तिने बोटं आत घातली, थांबली, मग पूर्ण तळवा टेकवला. डिस्क चहाच्या कपासारखी होती. धरून बसता येईल अशी. मागची चाकं जाम व्हायला आधी कुणीतरी पाय दाबावा लागतो, आणि पहिल्या एकदोन फेऱ्या सोडल्या तर आज कुणी दाबलाच नव्हता. त्या फेऱ्यांपलीकडे दांडी बरोबर होती की चूक होती, हे आज टोपलीला कळलंच नव्हतं. आता कधी कळणारही नव्हतं.

"गरम आहे का गं?" डोळे मिटूनच भिंगरीने वरून विचारलं. "चांगली दाबली मी."

ताईने तळवा आणखी क्षणभर तिथेच ठेवला.

"भाजतंय नुसतं," ती म्हणाली, आणि हात झटकन बाहेर काढून तिला ऐकू जाईल अशी त्याच्यावर फुंकर घातली.

"मग हात कशाला घालतेस, वेडे," भिंगरी म्हणाली.

ताई फुंकर घालत राहिली.